जेऊरच्या आज्यांचे डबे

उजनी धरणात १९८० साली पाणी अडलं. त्याआधीचा करमाळा तालुका म्हणजे ज्वारी, करडई, भुईमूग. जेऊरला पुणे-सोलापूर मार्गावरचं स्टेशन होतं, पण साखर घरात यायची ती रेशनची, चहापुरती. त्यामुळे आमच्या आज्यांनी राखून ठेवलेलं गोड बहुतेक गुळाचंच असे.

शेंगदाण्याचा लाडू त्यात पहिला. आजी दाणे मंद आचेवर भाजायची, सुपात चोळून फोलपटं पाखडायची आणि गुळाबरोबर उखळात कुटायची. दाण्याला तेल सुटलं की मूठ आवळायची, लाडू तयार. तूप लागतच नसे. मग ते पत्र्याच्या डब्यात, डबा फडताळाच्या वरच्या फळीवर. जत्रेतनं आणलेली गोडीशेव, रेवड्या, बत्तासेही तिथंच. लिमलेटच्या गोळ्या मात्र तिच्या चंचीत, त्यामुळे त्यांना काताचा नि सुपारीचा वास लागलेला. "हात धुऊन ये आधी," म्हणायची आणि एकच गोळी तळहातावर ठेवायची.

याच बायांनी १९७२च्या दुष्काळात खडी फोडली होती. कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदराला बांधून लेकरांसाठी आणल्याचं आमच्याकडे घरोघर ऐकायला मिळतं. राखून ठेवायची सवय तिथली.

मला वाटतं, त्या डब्याचं खरं मोल वेगळं होतं. शेत, पैसा, धान्याची कणगी, कशावरच आजीचं चालत नसे. डब्यावर चालायचं. कुणाला कधी आणि किती द्यायचं हे तीच ठरवी. उपाशीपोटी रुसून बसलेल्या सुनेच्या हातातही ती गुपचूप लाडू ठेवी.

पुढे उजनीच्या पाण्यावर ऊस आला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूर आहे, आणि दिवाळीला सभासदाच्या घरी सवलतीची साखर येते. गोडाची टंचाई संपली ते चांगलंच झालं. पण पुड्या दुकानातनं थेट पोरांच्या हातात जाऊ लागल्या नि आजीचा वाटा सुटला. चंचीतल्या गोळ्यांचेही दिवस पालटले. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या रावळगावची गोळ्या-चॉकलेटांची नाममुद्रा २०२४ मध्ये रिलायन्सने २७ कोटींना घेतली.

ज्यांच्या घरी अशी आजी अजून आहे, त्यांनी यंदा लाडू करताना तिच्याशेजारी बसावं. दाण्याला गूळ किती, हे तिला सांगता येणार नाही. ती हातानं दाखवील. तेवढं शिकून घ्या.