रिकाम्या हातांची शर्यत

बोर्ली पंचतनहून दिवेआगरला उतरलं की ओहोटीच्या वेळी समोर लांबच लांब पुळण पसरलेली दिसते. अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर बैलगाडी शर्यत रुजली ती या पुळणीच्या जोरावर. भरतीच्या रेषेवरची कोरडी वाळू चाक आणि खूर दोन्ही धरून ठेवते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ओली वाळू मात्र सडकेसारखी घट्ट असते. म्हणून इथे शर्यतीची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरते. जमिनीचा इतका बारीक विचार करणारी माणसं गाडीवानाच्या हातातल्या साधनाचा विषय निघाला की मात्र ऐकीव गोष्टींवर विसंबतात. चाबूक, आसूड, काठी, पराणी यांच्याबद्दल काही समजुती इतक्या पक्क्या बसल्या आहेत की त्या तपासून पाहायचं कुणाला सुचत नाही. त्या तपासल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते: महाराष्ट्रात आज बैलगाडी शर्यत कायदेशीर आहे ती गाडीवानाचे हात रिकामे असतील या अटीवर, आणि ही अट शर्यतीच्या मुळावर येणारी नाही.

गैरसमज : कोर्टाने शर्यत सोडली, म्हणजे चाबूकही सोडला.

केंद्र सरकारने २०११ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने बैलाचा समावेश खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांमध्ये केला. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतला जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती या दोन्हींवर बंदीचा निकाल दिला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली आणि शर्यतीसाठी वेगळे नियम बनवले. ते उच्च न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अंतरिम मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की शर्यत सुटली. ती का सुटली हे मात्र मागे पडलं. दुरुस्ती आणि तिच्याखालचे नियम यांमुळे जनावराला होणारा त्रास बऱ्याच प्रमाणात कमी होतो, हे घटनापीठाच्या निकालामागचं कारण होतं. त्याच निकालात नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी जिल्हाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली आहे. आणि नियम काय म्हणतात? जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी हवी, धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको, पशुवैद्यकाची तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा झटका देणारं साधन चालणार नाही, शेपूट पिरगळणं किंवा चावणं चालणार नाही. नियम मोडून शर्यत भरवणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे चाबूक ही शर्यतीसोबत आपोआप मिळालेली सवलत नव्हे. चाबूक बाजूला ठेवला म्हणून शर्यत मिळाली. जो गाडीवान लपवून काठी आणतो, तो आपल्यापुरता नियम मोडत नाही. सगळ्यांची परवानगी ज्या पायावर उभी आहे तोच उकरतो.

गैरसमज : ही हरकत काल-परवाची आहे, वाडवडिलांच्या काळात असलं काही नव्हतं.

पराणी जवळून पाहिली तर हा मुद्दा उलगडतो. हाताला बसेल अशी बांबूची किंवा वेताची काठी आणि तिच्या टोकाला ठोकलेली लोखंडी अणकुची, म्हणजे आर. नांगरटीत बैल थबकला की तिचं टोक मागच्या मांडीला टोचायचं, हा तिचा उपयोग. या आरेवर बंदी आली ती २०१७ मध्ये नव्हे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्राने १९६५ मध्ये केलेल्या नियमांतच टोकदार काठी, खिळे किंवा गाठी असलेला लगाम, तसलंच जू किंवा इतर बोचणारं साधन वापरायला मनाई आहे. ती शर्यतीपुरती नाही. मालाची गाडी हाकणाऱ्यालाही लागू आहे. त्याही आधी, १९६० च्या मूळ कायद्यात जनावराला विनाकारण वेदना होतील असं मारणं हा गुन्हा ठरवला होता. आता परंपरेचं म्हणाल, तर आपल्या परंपरेत आसूड होता हे खरं. पण त्याला मर्यादाही होती. देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतात, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला जुंपायचं नाही, आसूड लावायचा नाही हा दंडक असतो. ज्या समाजाने मारण्यासाठी वर्जित दिवस ठरवला, त्याला मारणं म्हणजे काय हे नीट ठाऊक होतं. त्यामुळे परंपरेचा हवाला द्यायचाच असेल, तर तो आसुडाइतकाच खांदेमळणीचाही द्यावा लागेल.

गैरसमज : फटका बसल्याशिवाय बैल पळत नाही.

याला सर्वांत सोपं उत्तर महाराष्ट्रातच आहे. जुन्नर, खेड, आंबेगाव, मावळ या भागांतल्या घाटांवर जो बैलगाडा धावतो, त्यावर गाडीवान बसतच नाही. गाडा सुटला की बैल पुढे पळणाऱ्या घोडीच्या मागोमाग घाट चढतात आणि सगळा निकाल काही सेकंदांत लागतो. पाठीमागे मारणारा हातच नसताना हे बैल असे भरधाव पळतात. याचं कारण त्यांच्या घडणीत आहे. बैल कळपाचा प्राणी. पुढचं जनावर पळालं की तोही पळतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे ऐन पाठीमागचा अरुंद पट्टा सोडला तर त्याला भोवतालचं जवळजवळ सगळं दिसतं. माणसाला २० हजार हर्ट्‌झच्या वर ऐकू येत नाही. गुरांना त्याच्याही बऱ्याच वरचे आवाज कळतात. अशा जनावराला सवयीची हाक आणि कासऱ्याचा हिसका पुरेसा होतो.

घोड्यांच्या शर्यतीत हा प्रश्न मोजून पाहिला गेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की घोडे सर्वाधिक वेगात होते ते अजून चाबूक न लागलेल्या टप्प्यात. फटके पडले ते शेवटच्या ४०० मीटरमध्ये, घोडे दमून वेग उतरत असताना. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ब्रिटनमधल्या १२६ शर्यतींची तुलना झाली. काहींत चाबूक मारायला परवानगी होती, काहींत नव्हती. शर्यतीला लागलेल्या वेळेत किंवा घोडे एकमेकांच्या आड येण्यात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. घोडा म्हणजे बैल नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे आणि ही आकडेवारी जशीच्या तशी बैलाला लावता येणार नाही. पण जो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या केवळ धावण्यासाठी पैदास केला गेला, त्याच्याकडूनही चाबकाने जास्त वेग निघाला नसेल, तर बैलाकडून तो निघतो हे सिद्ध करण्याचा भार तसा दावा करणाऱ्यावर पडतो.

गैरसमज : बैलाची कातडी जाड, त्याला काय लागतंय!

अंगावर माशी बसली की बैल नेमकी तेवढीच जागा थरथरवतो, हे गोठ्यात वावरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. माशीच्या पायांचा स्पर्श ज्याला कळतो, त्याला वेताचा फटका कळत नाही असं मानणं तर्काला धरून नाही. घोड्यांबद्दल हीच समजूत होती. २०२० च्या एका अभ्यासात घोड्याच्या आणि माणसाच्या कातडीची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली, तेव्हा वेदना टिपणारे मज्जातंतू जिथे असतात तो वरचा थर दोघांतही जवळपास सारखाच निघाला. घोड्याच्या कातडीची जाडी होती ती त्याच्या खालच्या थरात. त्याहून गंभीर गोष्ट शेपटीची. चाबूक दिसतो, म्हणून त्यावर सगळ्यांचं लक्ष जातं. शेपूट पिरगळणं मात्र गर्दीतून दिसत नाही. बैलाच्या शेपटीत मणके असतात आणि जोराने पिरगळल्यास ते निखळतात, मोडतात. शेपटीने माश्या हाकणारं जनावर मग आयुष्यभर त्याला मुकतं. नियमांनी चाबकाच्या जोडीला शेपटीचाही उल्लेख केला आहे तो यासाठीच. चाबूक काढून घेतला आणि त्याची जागा दातांनी घेतली, तर काहीच साधलं नाही.

गैरसमज : साहेबाच्या शिकारीत आणि रेसकोर्सवर चाबूक चालतो, मग आमच्याच हातातला का काढता?

तुलना करायची तर पुरती करावी. इंग्रजांची शिकारी कुत्र्यांची पथकं आपल्याकडेही होती. मुंबईत आणि पुणे-खडकीत त्यांचे अधिकारी इंग्लंडातल्या खोकडाऐवजी इकडच्या कोल्ह्यामागे घोडे दामटत. त्या शिकारीतल्या चाबकाची घडण पाहण्यासारखी आहे. वेताची दांडी, मुठीशी काटकोनात बसवलेलं सांबरशिंगाचं टोक, आणि दुसऱ्या बाजूला वेणीसारखी विणलेली लांब चामडी वादी. शिंगाचं टोक होतं ते घोड्यावरून न उतरता फाटकाची खिट्टी सरकवून फाटक धरून ठेवण्यासाठी. वादी सोडायची ती कुत्रे घोड्याजवळ आले तर त्यांच्या आणि खुरांच्या मध्ये लोंबती ठेवण्यासाठी, म्हणजे घोड्याची लाथ त्यांना बसू नये. कुत्र्यांना हाक देणं, कळपाबाहेर गेलेल्याला वळवणं हे काम ठरलेल्या नोकरांचं. पाहुण्या स्वाराने दुसऱ्याच्या कुत्र्यावर चाबूक उगारणं म्हणजे मोठी बेअदबी. चाबकाचा प्रसिद्ध कडाड आवाजही कुणाला मारून निघत नाही. वादीचं टोक हवेत ध्वनीपेक्षा वेगाने फिरतं, त्याचा तो आवाज. म्हणजे ज्या खेळाचा दाखला दिला जातो, त्यातही चाबूक मुख्यतः आवरण्याचं आणि वळवण्याचं साधन होता. आणि त्या खेळाचं झालं काय? इंग्लंडमध्ये कुत्र्यांकरवी खोकडाची पारंपरिक शिकार १८ फेब्रुवारी २००५ पासून कायद्याने बंद आहे. घोड्यांच्या शर्यतीतही साहेब तिथेच थांबलेला नाही. नॉर्वेने १९८२ मध्येच चाबकाच्या फटक्यांवर बंदी आणली. ब्रिटनमध्ये २०२३ च्या नियमांनुसार सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे, चाबकाला गादीसारखं अस्तर सक्तीचं आहे, आणि मर्यादेपेक्षा चार फटके जास्त मारले तर घोडा बाद होतो. दाखला द्यायचाच असेल तर तो चाबूक सोडण्याच्या बाजूने जास्त भरतो.

गैरसमज : हात रिकामे ठेवले तर गाडी आवरणार कशी? गर्दीत घुसली तर जबाबदार कोण?

ही भीती खोटी नाही. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात आणि उधळलेली जोडी गर्दीत शिरली तर हाहाकार होतो. पण बैल थांबतो तो वेसणीने आणि कासऱ्याने. काठीने तो थांबत नाही, उलट घाबरून आणखी सुटतो. ज्या गाडीवानाचा एक हात मारण्यात गुंतला, त्याचा कासऱ्यावर एकच हात उरतो. म्हणजे सुरक्षेच्या दृष्टीनेही रिकामे हातच कामाचे. मग संकटापुरती काठी जवळ ठेवायला काय हरकत, असं विचारलं जातं. हरकत अशी, की धावत्या गाडीवरचा कोणता फटका संकटात मारला आणि कोणता पुढे जाण्यासाठी, हे पंचाला कधीच ठरवता येणार नाही. हातात काहीच नसलेलं मात्र सुटण्याच्या रेषेवरच पाहता येतं. नियम साधा असला तरच तो पाळला गेला की नाही हे दिसतं. गर्दीचा बंदोबस्त हवा तर तो दोर, अंतर आणि स्वयंसेवक यांनी करायचा. बैलाच्या पाठीवर नव्हे.

दुसऱ्या टोकाचा आक्षेपही नोंदवायला हवा: चाबूक असो वा नसो, बैल शर्यतीसाठी बनलेलाच नाही, मग हा खेळ हवा कशाला? २०१४ च्या निकालामागे हाच विचार होता, आणि तो मांडणाऱ्यांनी २०२३ नंतरही तो सोडलेला नाही. त्याचं उत्तर वादाने मिळणार नाही. ते वागण्यानेच द्यावं लागेल. श्रीवर्धन तालुक्यातल्या किंवा कुठल्याही गावच्या आयोजकांच्या हातात तीन गोष्टी आहेत. गाडी सुटण्याआधी गाडीवानाची आणि गाडीची झडती, कुठेही काठी, आर किंवा बॅटरी दडवलेली नको. शेपटीला हात लावताना दिसलेली जोडी निकालातून बाद, मग ती कितीही पुढे का असेना. आणि धावेनंतर प्रत्येक बैलाची मांडी आणि शेपूट पशुवैद्यकाकडून सर्वांसमक्ष तपासणं. याला मोठा खर्च लागत नाही, कोर्टाची नवी परवानगीही लागत नाही. शर्यत टिकावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी चाबकाची बाजू घेणं सोडून ही झडती स्वतः मागायला हवी, कारण पुढचा खटला उभा राहिला तर शर्यतीच्या बाजूने दाखवता येईल असा पुरावा त्यांच्याकडे तेवढाच असेल.