श्रावणातला नेम

श्रावण लागला की आमच्या घरी पोथी निघते. सासूबाई स्नान उरकून ‘शिवलीलामृत’ घेऊन बसतात आणि त्यांचा अध्याय संपेपर्यंत घरात चहाचे आधण चढत नाही. यंदा मीही त्यांच्या शेजारी पाट मांडला. फक्त माझी पोथी निराळी होती. माझ्यासारख्या घरात वाढलेल्या, माझ्यासारख्या शाळेत शिकलेल्या लेखकाचे एक पानही महिनाभर वाचायचे नाही, असा नेम मी धरला होता.

हे खूळ डोक्यात शिरले एका विद्यार्थिनीमुळे. आमची चिंचणी समुद्रकाठची, पण कॉलेजात पूर्वेकडच्या पाड्यांवरून येणारी मुलेही असतात. वर्गात मी गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ शिकवीत होते. १९४५ सालचा वारल्यांचा उठाव, वेठबिगारी, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी, पुस्तकाला १९७२ साली मिळालेला साहित्य अकादेमी पुरस्कार, सगळे सांगून झाले. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक वारली मुलगी जवळ आली.

“मॅडम, हे आमच्यावर लिहिलेलं आहे. आमच्यातल्या कोणी लिहिलेलं आहे का?”

“आहे की! उद्या सांगते,” मी म्हटले.

वीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या बाईला उद्याचा वायदा करावा लागला! घरी येऊन कपाट उघडले. लेखकांची आडनावे पाहिली तर थेट माझ्या लग्नातल्या आहेराच्या यादीची आठवण झाली. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ होते, नाही असे नाही. पण ते एम.ए.ला नेमलेले होते म्हणून.

आरंभ केला तो मुक्ता साळवेपासून. फुले पतिपत्नींच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. दरवर्षी मी शेकडो निबंध तपासते. त्यांत मते असतात, सुविचार असतात, राग मात्र नसतो. कारण रागाला गुण नाहीत हे मुलांना आम्हीच शिकविलेले असते.

मग बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. फलटणला किराणा दुकान सांभाळता सांभाळता या बाईने वही भरली आणि कित्येक वर्षे ती नवऱ्यापासून लपवून ठेवली. पुस्तक निघाले १९८६ साली. मी मोठ्याने वाचू लागले तशी सासूबाईंची पोथी थांबली. सासुरवाशिणीचे हाल येतात त्या पानांशी त्या म्हणाल्या, “पुरे गं.” थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, “वाच पुढे.” त्या दिवशी चहाला साडेनऊ झाले, आणि घरातल्या पुरुषमंडळींनी दोन्ही पोथ्यांना नावे ठेवली.

हमीद दलवाईंचे ‘इंधन’ एका बैठकीत संपविले. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे साल, १६१६, मी परीक्षेसाठी पाठ केलेले, ओव्या मात्र आता प्रथमच सलग वाचल्या. सगळेच आवडले असे नव्हे. एक कादंबरी तर निव्वळ नेम मोडू नये म्हणून पुरी केली. लेखक उपेक्षित म्हणून पुस्तक चांगले, हा उलटा पंक्तिप्रपंच मला मान्य नाही.

या निमित्ताने आमच्याच गावच्या ताम्रपटांकडेही वळले. १९५५च्या सुमारास चिंचणीला सापडलेल्या या पत्र्यांपैकी एक शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा आहे. राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाणचा कारभार एक अरब पाहत होता. त्याच्या मुहम्मद या नावाचे संस्कृतात ‘मधुमती’ झाले आहे! त्याने नदी ओलांडायला फुकट नाव ठेवली आणि अन्नछत्र घातले, तिथे भात, कालवण आणि तूप मिळे, असे त्यात कोरले आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला परक्या माणसाच्या घरचे तूपसुद्धा नोंदवावेसे वाटले, आणि मी वर्गातल्या मुलीला आजवर तिचा पाडा कोणता हेही विचारले नव्हते.

शेवटच्या आठवड्यात वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ आणि नजुबाई गावित यांचे ‘आदोर’ मिळवून वाचले. सोनवणे हे १९९० साली पालघरला भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पालघर इथून तासाभराच्या वाटेवर, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दोन्ही पुस्तके मोठ्या दिमाखाने त्या मुलीपुढे ठेवली. दोन दिवसांनी तिने ती परत आणली.

“चांगली आहेत, मॅडम. पण हे भिल्ल, त्या मावची. खानदेशाकडच्या. आम्ही वारली.”

माझा चेहरा पाहून तिलाच दया आली असावी. म्हणाली, “माझी आजी धवलेरी आहे.”

वारल्यांचे लग्न धवलेरीवाचून लागत नाही. सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि ती गाण्यांनी उभी करायची धवलेरीने. ही चित्रे जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणली, जगभर नेली आणि २०११ साली ‘पद्मश्री’ मिळविली, हे मी वर्गात सांगत आले होते. चौकाबरोबरच्या गाण्यांचा विचार मात्र कधी शिवला नव्हता.

रविवारी पाड्यावर गेले. बरोबर नवी कोरी वही. आजी भाताची निंदणी करून नुकत्याच परतल्या होत्या. नातीने माझे येणे समजावून सांगितले. त्यांनी मला बसायला दिले, कोरा चहा दिला, माझ्या घरची चौकशी केली, मुले किती ते विचारले. गाणे काही सांगितले नाही. लग्न नसताना ते म्हणायचे नसते, आणि म्हणायचे ते सांगण्यासाठी नव्हे, असे नातीकरवी कळले.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. सासूबाईंनी पोथीचे उद्यापन केले. माझा नेम अपुराच राहिला.

पाड्यावर उन्हाळ्यात एक लग्न आहे. आजींनी बोलावले आहे. मुलीने बजावून ठेवले आहे, “मॅडम, रात्रभर बसावं लागेल. आणि वही आणू नका.”