चपळाईला किंमत हवीच!

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं रंगवण्याचा खेळ खेळताना लढवय्या निवडला की पहिलाच पेच पडतो: जास्तीचे गुण ताकदीत घालायचे की चपळाईत? गेली पन्नास वर्षं नियम लिहिणाऱ्यांनाही हाच पेच छळतोय.

1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला तेव्हा हातात खंजीर असो की दोनहाती तलवार, घाव बसला की सहा बाजूंचा एकच फासा! पैलवानाचा घाव काडीपैलवानापेक्षा तसूभरही जड नाही. चपळ गड्याला मात्र नेमबाजीत थोडी सवलत. पारडं पहिल्या दिवसापासूनच कललेलं.

पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' पुरवणी आली आणि ताकदीनं उट्टं काढलं. 18 ताकद लाभलेल्या लढवय्यानं वर शंभराचा फासा टाकायचा. सर्वोच्च आकडा 18/00. तीन फाशांवर 18 पडणं 216त एकदा, त्यावर 00 पडणं शंभरात एकदा. म्हणजे 21,600 वीरांत असा भीम एक! शस्त्रागणिक वेगळा फासाही याच पुरवणीनं दिला, आणि सावलीतून वार करणारा चोरही.

आता 2014ची आवृत्ती घ्या, खरी गंमत तिथे आहे. हलकी, टोकदार रेपियर तलवार चपळाईच्या जोरावर नेमही साधते आणि घावही वाढवते. दोन्ही गड्यांचा मुख्य गुण 20 धरू. रेपियरचा घाव सरासरी साडेनऊ, दोनहाती तलवारीचा बारा. फरक अडीचचा. त्या अडीचच्या बदल्यात चपळ गडी काय काय पदरात पाडून घेतो? आधी वार करण्याची संधी, दबकी पावलं, धनुष्याचा नेम, आणि आगीचा गोळा अंगावर आला तर उडी मारून निसटण्याची जास्त आशा. हा गोळा सरासरी 28चा असतो. निसटलात तर 14. बचावात तरी दणकट गडी पुढे असेल? पोलादी चिलखताचे 18, चपळ गड्याच्या चामडी चिलखताचे 17. एका गुणासाठी मोजायच्या 1,500 सुवर्णमुद्रा, चामडीला 45! एवढंच काय, दणकट गड्यानं कवळ घातली तरी समोरचा कसरतीच्या जोरावर सुटू शकतो. माझ्या मते हा सौदा साफ एकतर्फी आहे.

'पाथफाइंडर' या अशाच खेळाच्या 2019च्या दुसऱ्या आवृत्तीनं इथे शहाणपण दाखवलं. रेपियरचा नेम चपळाईनं, घावाचा जोर मात्र ताकदीनं. चपळाईनं घाव वाढवण्याची मुभा चोरपंथातल्या भामट्यांपुरती. पूर्ण पोलादी चिलखत घातलेल्याला स्फोट झेलताना खास आधारही मिळतो.

राहिला धनुष्याचा प्रश्न. खेळात ते चपळांचं हत्यार. 1545 मध्ये बुडालेलं इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे युद्धजहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यावर सव्वाशेहून जास्त लांब धनुष्यं सापडली. त्यातली कित्येक पूर्ण ताणायला 45 किलोहून जास्त जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. सिमेंटचं पोतं 50 किलोचं असतं; जवळपास तेवढा जोर दोरीवर, तोही बाणागणिक! तिरंदाज म्हणजे पाठीखांद्यांनी भरलेला दांडगा गडी.

म्हणून आमच्या टेबलावर एक घरगुती नियम आहे: धनुष्याचा नेम चपळाईनं, बाणाचा घाव ताकदीनं. नियम ठरला त्याच शनिवारी आमच्या सडपातळ एल्फ तिरंदाजानं खोडरबर मागून घेतलं, ताकदीपुढचा 8 पुसला आणि तिथे 14 लिहिले. ते सहा गुण त्यानं वक्तृत्वातून काढले. त्या रात्री सराईवाल्याशी घासाघीस करायची वेळ आली तेव्हा तोंड उघडलं ते आमच्या कुऱ्हाडवाल्यानं.