हाकेच्या अंतरावरची बाजारपेठ

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या मुखाशी वसलेली कळंबोली बाहेरच्यांना लोखंड-पोलाद बाजार आणि अवजड वाहने यांमुळेच परिचित आहे. सेक्टरांच्या आतील जीवन मात्र निराळे आहे.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची आखणी नोड आणि सेक्टर यांच्या रूपाने केली. शाळा, बाजार, दवाखाना वस्तीतच मिळावेत, हा त्यामागील विचार. अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या कल्पनेतही वस्तीच्या मध्यभागी शाळा, कडेला दुकाने आणि चालण्याचे अंतर सुमारे पाव मैल, म्हणजे ४०० मीटर, असे होते.

पाच मिनिटांच्या या अंतराचे मोल व्यापारी कुटुंबास विशेष कळते. दुकान जवळ असेल तर सूर्यास्तापूर्वी घरी परतून चौविहार साधतो. ज्येष्ठांना औषधासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. ओळखीचा दुकानदार नेहमीचे गिऱ्हाईक दोन दिवस दिसले नाही, तर आपुलकीने चौकशी करतो; मोबाइलवरून मागविलेल्या मालासोबत ही चौकशी येत नाही.

तथापि अंतर केवळ मीटरमध्ये मोजून भागत नाही. मध्ये वाहता रस्ता आला, की वृद्धांसाठी समोरचे दुकानही दूर होते. पदपथावर मांडलेला माल हाही तसाच अडसर. चार पेट्या बाहेर ठेवून जेवढी विक्री वाढते, त्याहून अधिक गिऱ्हाईक वाट सोडून जाते. पदपथ मोकळा ठेवणे हा उपकार नव्हे; तो व्यापाराचाच हिशेब आहे.