एका दिवसाचा हंगाम

कुस्तीचा शौकीन म्हटला की वाचकांच्या डोळ्यांसमोर कोल्हापूर-सांगलीकडचा, फेटा बांधलेला, खासबाग मैदानाच्या पायऱ्यांवर दुपारपासून ठाण मांडून बसलेला गृहस्थ उभा राहतो. माकुणसारसारख्या खाडीकाठच्या, वाड्या-बागायतींच्या गावातील माणसाने या शौकावर हक्क सांगावा, हे खुद्द आमच्या गावकऱ्यांनाही थोडे विचित्रच वाटते. आमच्या किनाऱ्याचा खेळ कबड्डीचा, आणि गेली कित्येक वर्षे क्रिकेटचा. कुस्ती ही घाटावरची, असे येथे धरून चालतात. तरीही पावसाळा ओसरू लागला की प्रस्तुत लेखकाचे लक्ष महाविद्यालयांच्या सूचनाफलकांकडे लागते. आंतरमहाविद्यालयीन कुस्त्या कधी आणि कोठे आहेत हे कळायला हवे असते. आणि ते कळणे हीच या छंदातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. वृत्तपत्रांत ती तारीख सहसा छापून येत नाही, नाक्यावर फलक लागत नाही. क्रीडाशिक्षकांना ती ठाऊक असते, खेळणाऱ्या मुलांना ठाऊक असते, आणि बहुधा तेवढ्यांनाच.

या प्रकाराला ‘हंगाम’ म्हणणे ही मुळात अतिशयोक्तीच. मुंबई विद्यापीठाचा पसारा तलासरी-डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत, सात जिल्ह्यांचा. एवढ्या मुलखातली मुले एकदा जमतात, त्यांची वजने होतात, जोड्या लागतात, पाहता पाहता निकाल लागतात आणि विजेते आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या संघाकडे डोळे लावून बसतात. बाकीचे बॅगा उचलून स्थानकाची वाट धरतात. हल्लीच्या नियमांनी कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची. मध्ये तीस सेकंद उसंत. प्रतिस्पर्ध्याने दहा गुणांची आघाडी घेतली तर मुक्त शैलीतील कुस्ती तेथेच थांबते. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्या मुलाचा हंगाम म्हणजे फार तर सहा मिनिटांचा आणि कधी कधी दीड मिनिटाचाही ठरतो. त्या दीड मिनिटासाठी तो वर्षभर पहाटे उठलेला असतो. परीक्षेतसुद्धा आपण नापास व्हायला मुलाला तीन तास देतो!

ही कुस्ती पाहण्यासारखी असते का, असा प्रश्न सुजाण वाचक विचारतील. असते, मात्र काय पाहायचे ते ठाऊक असले पाहिजे. गावच्या मातीत तयार झालेला मुलगा गादीवर उतरला की त्याच्या चांगल्या सवयीच त्याच्यावर उलटतात. तांबड्या मातीच्या कुस्तीत दोन्ही खांदे टेकले तरच हार. मध्येच पाठ मातीकडे वळली, लोळण घ्यावी लागली, तरी पैलवान अंग झटकून पुन्हा उभा राहतो आणि कोणी त्याचा हिशेब ठेवत नाही. गादीवर पाठ नुसती नव्वद अंशांपलीकडे कलली की समोरच्याच्या नावावर दोन गुण चढतात. मातीत रेटारेटी करीत कडेपर्यंत गेले तर पंच दोघांना मध्यभागी आणून सोडतो. गादीच्या नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय पडला की एक गुण गेला. मातीत डाव राखून दमाने लढता येते. गादीवर जो दम धरतो त्याला पंच निष्क्रिय म्हणून ताकीद देतात. असा एखादा मुलगा जेव्हा पहिल्या तीन मिनिटांत सहा गुण गमावून बसतो, पाणी पिऊन परत येतो आणि दुसऱ्या डावात त्याला अचानक हे गणित उमगते, तो शांतपणे एकेरी पट काढतो, ताबा घेतो, भारंदाज लावून दोन गुण उचलतो, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या पंधरा-वीस माणसांना जे पाहायला मिळते ते दूरदर्शन संचावर मिळत नाही. एका तरुणाला आपल्या डोळ्यांदेखत काहीतरी समजत असते. शिक्षकांना हे दृश्य अपरिचित नसावे.

माती की गादी, या वादात प्रस्तुत लेखकाचे मन मातीकडे आहे हे कबूल करण्यात कमीपणा नाही. निकाली कुस्तीत शंकेला जागा नसते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत एका टांगेला चार गुण द्यावेत की नाही, यावरून सारा महाराष्ट्र काही दिवस भांडला. ज्यांनी कधी लंगोट पाहिला नाही असे लोकही त्या चार गुणांवर अधिकारवाणीने बोलत होते. तरीही महाविद्यालयांनी गादीच धरावी हे योग्यच आहे. विद्यार्थ्याला पुढे जायचे तर जगाच्या नियमांनी जावे लागेल, आणि ते नियम गादीचे आहेत.

येथे एका गोष्टीचे स्मरण देणे आवश्यक आहे, कारण ती पाठ्यपुस्तकांत असूनही तिचा अर्थ आपण सोयीस्करपणे विसरतो. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे महाविद्यालयीन कुस्तीतून पुढे आले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. अंगाने लहानखुरा, त्यामुळे महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत त्याला घ्यायलाच प्रथम नकार मिळाला आणि प्राचार्यांच्या परवानगीने तो आखाड्यात उतरला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. गादीशी त्यांची खरी ओळख त्या काळात झाली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. त्या वेळी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, याचे वर्णन सगळे करतात. प्राचार्यांच्या घराचा उल्लेख मात्र एका वाक्यात आटोपतो. माझ्या मते सबंध कथेचा कणा तेथे आहे. प्राचार्याने घर गहाण ठेवले ते खाशाबांची कुस्ती त्याने स्वतः पाहिली होती म्हणून. न पाहिलेल्या मुलासाठी कोणी घर गहाण टाकीत नाही.

आज आपल्या महाविद्यालयांतील किती प्राध्यापकांनी, किती कारकुनांनी, आपल्या विद्यार्थ्याची एक तरी कुस्ती पाहिली आहे? दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. कुस्ती दुसऱ्या जिल्ह्यात, कामाच्या दिवशी, तासांच्या वेळी होते. मुलगा परततो तेव्हा त्याच्या हातात प्रमाणपत्र असते. ते कार्यालयात एका धारिणीत जाते, आणि खेळाचे सवलतीचे गुण कोणाला मिळणार याची यादी करताना बाहेर निघते. नोकरीच्या अर्जाला जोडण्यासाठी त्याच्या साक्षांकित प्रती काढल्या जातात. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा या कागदाला मोल आहे आणि गरिबाच्या मुलाने ते ओळखावे यात वावगे काही नाही. परंतु कागदाचे मोल वाढत गेले आणि कुस्तीचे प्रेक्षक घटत गेले, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

अमेरिकेचे उदाहरण आपल्याकडे उठल्यासुटल्या दिले जाते, म्हणून ते देताना संकोच होतो. पण महाविद्यालयीन कुस्तीचा विषय निघाल्यावर तो देश टाळता येत नाही. तेथे या कुस्तीचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९२८ साली झाली. पण खरी गंमत आहे ती दोन महाविद्यालयांमधील लढतींत. दहा वजने, दहा कुस्त्या, एका संध्याकाळी एक संघ दुसऱ्याच्या गावी जातो. नुसत्या गुणांवर जिंकले तर संघाला तीन गुण, मोठ्या फरकाने जिंकले तर चार, पंधरा गुणांच्या फरकाने पाच, आणि चीत केले तर सहा. या हिशेबातील शहाणपण पाहा. हरणारा मुलगा शेवटच्या मिनिटाला पाठ टेकू देत नाही तेव्हा तो आपल्या संघाचे तीन गुण वाचवीत असतो, आणि त्याच्या हरण्यालाही त्याच्या महाविद्यालयातील मुले उभी राहून टाळ्या देतात. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी आयोवा आणि ओक्लाहोमा स्टेट या विद्यापीठांची अशी लढत फुटबॉलच्या मैदानात उघड्यावर झाली. प्रेक्षक होते ४२,२८७. आयोवाचा डॅन गेबल हा विद्यार्थिदशेतील शेवटची कुस्ती १९७० साली हरला, ती एकच. दोनच वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्याने एकही गुण न गमावता सुवर्णपदक जिंकले. हरल्यानंतर पुढली कुस्ती समोर उभी होती, हे त्याचे भाग्य. आमच्या मुलाला पुढल्या कुस्तीसाठी वर्षभर थांबावे लागते, आणि तो तृतीय वर्षाला असेल तर बहुधा कायमचेच.

त्याच देशाने एक धडाही महागात घेतला आहे. १९९७ च्या अखेरीस सुमारे पाच आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन घटवताना मृत्यू पावले. रबरी पोशाख चढवून गरम खोलीत घाम गाळायचा, पाणी तोडायचे, तोलकाट्यावर उतरायचे, असा तो प्रकार होता. त्यानंतर तेथे वजनगट वाढवण्यात आले, वजन कुस्तीच्या अगदी आधी घेण्याचा नियम झाला आणि शरीरातील पाण्याची तपासणी आली. आपल्याकडे पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी शंभर ग्रॅम वजन जास्त भरले म्हणून विनेश फोगट अंतिम लढतीला मुकली, तेव्हा हा विषय घरोघरी चर्चिला गेला. दोन दिवसांनी अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंवर वजन उतरवून कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याचे कौतुक झाले. त्या दोघांच्या मागे वैद्य आणि आहारतज्ज्ञ उभे होते. आमचा मुलगा प्लास्टिकचा रेनकोट घालून एकटाच धावतो, स्पर्धेच्या आदल्या रात्री उपाशी झोपतो, आणि घरच्यांना वाटते पोराचे पोट बिघडले आहे. क्रीडाशिक्षकांनी दुसरे काही नाही तरी हंगामाच्या आरंभी प्रत्येकाचे वजन नोंदवून ठेवावे आणि कोणी किती खाली उतरायचे याला मर्यादा घालावी. त्यासाठी वजनकाटा आणि एक वही पुरते.

आमच्या भागात कुस्ती करणारी मुले आहेत तरी कोठे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत घाटावरून आणि उत्तरेकडून आलेल्या कामगारांची दुसरी पिढी आता महाविद्यालयांत बसते. गिरणगावात सातारा-कोल्हापूरच्या गिरणी कामगारांनी जशा तालमी उभ्या केल्या, तशा येथे झाल्या नाहीत. परंतु बापाकडून दोन डाव शिकलेली पोरे आहेत. याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, जोगेश्वरीत, एका दूधविक्रेत्याच्या घरात नरसिंग यादव वाढला, कांदिवलीच्या केंद्रात तयार झाला आणि २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरला. (२०१६ साली त्याच्यावर आलेली बंदी हा निराळा आणि कष्टदायक विषय.) शिवाय कबड्डी खेळणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरच्या मुलाला पट काय असतो हे शिकवावे लागत नाही, चढाईला आलेल्याचा पाय धरण्यातच तो वाढलेला असतो. मुलींचेही तेच. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने अंतिम फेरीत जिला हरवले ती वैष्णवी पाटील कल्याणची. कल्याण काही घाटावर नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. विद्यापीठाची स्पर्धा आहे तशी राहू द्यावी. तिच्या आधी पालघर, बोईसर, वसई, विरार येथील महाविद्यालयांनी आपसांत शनिवारच्या चार लढती ठरवाव्यात. एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे. दहाही वजनांना मुले मिळणार नाहीत, सहा मिळतील, सहांवर भागवावे. पालघरचे महाविद्यालय ज्यांचे नाव धारण करते ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि वारकरी संप्रदायाचे थोर अभ्यासक होते, या मातीतले होते. त्यांच्या नावाच्या वास्तूत शड्डू घुमला तर विद्येची मर्यादा भंगते असे कोणी म्हणू नये. गादी तुकड्यातुकड्यांची असते, टेम्पोच्या दोन फेऱ्यांत या गावाहून त्या गावी जाते. पंचांना प्रवासखर्च आणि जेवण द्यावे लागेल. प्रवेशाला पैसे ठेवू नयेत. फक्त तारीख आठ दिवस आधी फलकावर लावावी, आणि स्थानकाबाहेरही. दुपारी तीनला वजने आटोपून पहिली कुस्ती लागली, तर दहा कुस्त्या धरल्या तरी पाचच्या आत सारे संपते, आणि सफाळे-केळवे रोडकडे जाणाऱ्या मुलांना संध्याकाळची गाडी मिळते.