टर्कीची मान आणि डायनोसॉरचे कोडे

जिराफाच्या मानेत मणके किती असतील? तुमच्या मानेत असतात तितकेच, म्हणजे सात! त्याचा एकेक मणका लांबलचक असतो, इतकेच. तरीही जिराफाची मान फार तर २.४ मीटर भरते. पण सॉरोपॉड गटातल्या काही डायनोसॉरांची मान १५ मीटरपर्यंत लांब होती. म्हणजे जवळजवळ पाच मजली इमारतीच्या उंचीइतकी!

इतकी लांब मान म्हणजे एकाच टोकाला आधार असलेली तुळई. ती पेलायची तर वजन कमी हवे. सॉरोपॉडांचे डोके लहान होते. ते अन्न चावत न बसता गिळत. मानेचे मणके आतून पोकळ होते आणि त्या पोकळ्यांत हवा असे. पक्ष्यांच्या हाडांतही अशाच पोकळ्या असतात. पण हा प्राणी मान आडवी धरत असे की उंच? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

हाडे टिकतात, कूर्चा कुजते

जीवाश्मांत हाडे सापडतात. परंतु दोन मणक्यांमधली मऊ कूर्चा कुजून नाहीशी झालेली असते. १९९९ साली स्टीव्हन्स आणि पॅरिश या अमेरिकी संशोधकांनी डायनोसॉरांचे मणके संगणकावर एकमेकांना जोडून पाहिले आणि मान साधारण आडवी असावी, असा निष्कर्ष काढला. पण गेलेल्या कूर्चेचा हिशेब कसा मांडायचा?

इंग्लंडचे माइक टेलर आणि अमेरिकेचे मॅट वेडेल यांनी तो मांडला. टेलर व्यवसायाने संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे, तर वेडेल वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवणारे. त्यांनी इतर प्राण्यांबरोबर टर्की या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याची मान अभ्यासाला घेतली. कूर्चेसकट मणके मोजले, ते स्वच्छ करून पुन्हा मोजले, आणि दोन्ही मापांची तुलना केली. हाडाच्या लांबीच्या ४.५६ टक्के इतकी कूर्चेची जाडी भरली.

ही जाडी क्षुल्लक वाटते ना? मग हा प्रयोग करा. दोन आगपेट्या टोकाला टोक लावून ठेवा. सांध्याच्या वरच्या कडेवर चिकटपट्टी लावा आणि खालच्या बाजूने फटीत खोडरबराचा पातळ तुकडा सरकवा. पुढची आगपेटी वर उचलली जाते! मणक्यांचेही असेच होते. कूर्चा जमेस धरली, तर टर्कीच्या एका सांध्यात मान सुमारे १५ अंशांनी वर जाते, असे या दोघांना चित्रे जुळवून पाहताना आढळले. सॉरोपॉडांतही असेच असेल, तर त्यांची मान चित्रांत दाखवतात त्यापेक्षा बरीच उंच असणार. मात्र त्यांचे सांधे पक्ष्यांसारखे होते की सस्तन प्राण्यांसारखे, हे अजून सांगता येत नाही, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले.

निबंध कोणासाठी?

हा निबंध २०१३ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आला. तो कोणालाही फुकट वाचता येतो, आणि मूळ लेखकांचे नाव देऊन त्याच्या प्रती काढता येतात, भाषांतरही करता येते. याला मुक्त प्रकाशन म्हणतात. छपाईपूर्वीची तज्ज्ञांची तपासणी येथेही होतेच.

यात विशेष काय, असे तुम्ही विचाराल. अनेक शास्त्रीय नियतकालिकांची वर्गणी इतकी असते की लहान महाविद्यालयाला ती झेपत नाही. संशोधनाचा खर्च पुष्कळदा जनतेच्या करातून होतो, आणि निष्कर्ष मात्र कुलपात! आम्हा भौतिकीवाल्यांसाठी १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी ‘अर्काइव्ह’ हा निबंधांचा खुला साठा सुरू केला. २००२ साली बुडापेस्ट येथून मुक्त प्रकाशनाची जाहीर हाक दिली गेली. या पद्धतीत खर्च पुष्कळदा लेखकाच्या बाजूने भरावा लागतो, ही अडचण आहेच. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ हे मासिक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेतून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना हजारो नियतकालिके मिळू लागली. पण शाळा त्या योजनेत नाहीत. म्हणून तुमच्यासाठी मुक्त प्रकाशनाचे दार महत्त्वाचे आहे.

विज्ञानात कोणी म्हणतो म्हणून काही खरे ठरत नाही. ते दुसऱ्याला पडताळून पाहता आले पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: वस्तू हाताशी हवी आणि निबंध डोळ्यांसमोर हवा.

तुम्ही करून पाहा

ज्यांच्या घरी चालते, त्यांनी चिकनच्या दुकानातून कोंबडीची मान आणावी. मोठ्यांच्या मदतीने वरचे मांस कापून काढा आणि मणक्यांची सलग माळ मोजा. मग ती शिजवा, मणके सुटे करून साफ करा, वाळवा आणि क्रमाने टोकाला टोक लावून पुन्हा मोजा. लांबी किती टक्के घटली? कोंबडीच्या मानेत साधारण चौदा मणके असतात. डोक्याबरोबर एखादा तुटून गेला असेल, तर कमी भरतील. काम झाल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. ज्यांना मांस हाताळायचे नाही, त्यांनी आगपेट्यांची लांब माळ करून रबराची जाडी बदलत कोन मोजावेत.

तुमचे उत्तर ४.५६ येईलच असे नाही. कोंबडी म्हणजे टर्की नव्हे, आणि पट्टीने मोजताना थोडा फरक पडणारच. आकडे वहीत तारखेसह लिहा आणि वही वर्गात सर्वांना पाहू द्या. दुसऱ्या कोणाचा आकडा वेगळा आला, तर दोघे मिळून कारण शोधा.