तेजस (प्रोसेसर)
तेजस हे इंटेल कंपनीच्या एका नियोजित प्रोसेसरचे सांकेतिक नाव होते. पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीनंतर येणारा हा प्रोसेसर बाजारात कधीच आला नाही. त्याच्या अफाट वेगाविषयीच्या अफवांचे मूळ बाजारगप्पांत नव्हे, तर कंपनीच्याच आश्वासनात होते: पेंटियम ४ ची नेटबर्स्ट रचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, असे इंटेल सांगत असे. शंकाही घरातूनच निघाली. चिपच्या उष्णतेची घनता अशीच वाढत गेल्यास ती अणुभट्टीची बरोबरी करील, असा इशारा इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्येच दिला होता. ट्रान्झिस्टर लहान होताना त्यांतून गळणारा विद्युतप्रवाह वाढत होता. प्रेस्कॉटच्या काही आवृत्त्यांची उष्णता १०० वॉटच्या पुढे गेली. अखेर मे २००४ मध्ये तेजस रद्द करून इंटेलने ड्युअल-कोर प्रोसेसरांकडे मोर्चा वळवला. पेंटियम ४ ची मजल ३.८ गिगाहर्ट्झपर्यंतच गेली.